एफ.वाय.ची केटी आणि उलटा बाण : एक प्रकरण अभ्यास

भाचीच्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे एफ.वाय.च्या, केमिस्ट्रीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आली त्या रविवारी मी भांडुपला ताईकडे जेवायला होतो. ताटं उचलल्यावर ताई, भाची आणि मी ती घेऊन बसलो. ७५ पैकी २६. पास व्हायला ३० लागत होते. फिजिकलचे १३, इनऑरगॅनिकचे १०, ऑरगॅनिकचे ३. केटी, म्हणजे नापास विषयाचा पेपर पुन्हा द्यायची पाळी, चार गुणांनी लागली होती आणि ते चार गुण कुठे सांडले हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ताईचं म्हणणं सरळ होतं. "झेपत नाही तर सोडून दे ना. एस.वाय.ला बॉटनी-झूऑलॉजी ठेव आणि मोकळी हो." भाऊजी आतल्या खोलीतून म्हणाले, "बारावीला ८४ होते हिला केमिस्ट्रीत." ते नक्की कोणाच्या बाजूने बोलले ते कळलं नाही. भाची झेरॉक्सचा कोपरा दुमडत बसली होती.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी) आहे. बॅच फेल झाली की पहिल्या तासात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रॉडक्शनवाले म्हणतात टेस्टिंग चुकलं, आम्ही म्हणतो माल चुकला. म्हणून आमच्याकडे शिरस्ता असा की आधी कागद मागवायचे आणि माणसाला नंतर विचारायचं. इथेही तेच करू म्हटलं. उत्तरपत्रिका होतीच. भाचीला म्हटलं, तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल आण आणि ज्या नोट्समधून अभ्यास केलास त्या आण. पुढच्या चार महिन्यांत त्यातून जे निघालं ते इथे लिहितोय. तिला विचारूनच. "नाव टाकू नकोस. मार्क टाक, ते तसेही अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहेत," असं तिचं उत्तर आलं.

आधी माझंच निदान चुकलं

भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात. दहावीच्या विज्ञानातला 'कार्बनी संयुगे' हा धडा तिला अजून तोंडपाठ आहे. शृंखलाबंधन शक्ती, क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, कुठूनही विचारा. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका सुट्टीत सगळं इंग्रजी झालं. बारावीला १०० पैकी ८४, त्यातले २९ प्रॅक्टिकलचे म्हणजे लेखीचे ५५च, हा हिशोब मला बऱ्याच उशिरा सुचला. मेडिकलसाठी 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही, मग दादरला उतरून जावं लागतं अशा एका कॉलेजात बी.एस्सी. माटुंग्याच्या आयसीटीत एम.एस्सी. करायचं हे तिच्या डोक्यात पक्कं. आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, म्हणजे पूर्वीचं यूडीसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालेलं. आमच्या कंपनीतले दोन-तीन मोठे साहेब तिथलेच. त्यांची नावं मी घरी उगाच जास्त घेतली असणार, हा दोष माझा.

तर माझं पहिलं निदान झालं, इंग्रजी. मराठी माध्यमातलं पोर, वर्गात सगळं इंग्रजीत, बिचारीला शब्दच कळत नसतील. तीन रविवार मी शब्दार्थ सांगण्यात घालवले. इलेक्ट्रोफाइल म्हणजे इलेक्ट्रॉनस्नेही, न्यूक्लिओफाइल म्हणजे केंद्रकस्नेही, ॲडिशन म्हणजे समावेशन. ती वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या रविवारी धडाधड म्हणून दाखवायची. चौथ्या रविवारी मी उत्तरपत्रिकेतलाच एक प्रश्न मराठीत घातला आणि उत्तरही मराठीत लिही म्हटलं.

तिने तेच चुकीचं उत्तर शुद्ध मराठीत लिहिलं.

कंपनीत असं झालं की आम्ही म्हणतो, इन्स्ट्रुमेंट बदललं तरी पीक (आलेखातला उंचवटा) तिथेच आला, म्हणजे भानगड सॅम्पलमध्ये आहे. मी शब्दार्थाची वही मिटली.

जर्नलमधली खोडलेली ओळ

जर्नलमध्ये ऑगस्टमधलं एक पान होतं. अनोळखी पदार्थ ओळखायचा, ज्याला कॉलेजात सगळे 'स्पॉटिंग' म्हणतात. पांढरा स्फटिकी पदार्थ. जाळल्यावर काजळी धरणारी पिवळी ज्योत, म्हणजे ॲरोमॅटिक, बेंझीनसारखं कडं असलेला, असणार. पुढे सोडियम बायकार्बोनेटची टेस्ट. तिथे लिहिलं होतं, 'जोरात बुडबुडे आले', आणि त्यावर एक सरळ रेघ मारून ते खोडलेलं. खाली लिहिलं होतं, 'बुडबुडे नाहीत, न्यूट्रल'. नायट्रोजन वगैरे शोधायच्या लासेनच्या टेस्टपुढे 'नायट्रोजन आहे' असं लिहिलेलं, पण नायट्रोजन असला की येणाऱ्या गडद निळ्या रंगाचा, प्रशियन ब्लूचा, उल्लेख नाही. वितळणबिंदू ११३ ते ११८. निष्कर्ष, ॲसिटॅनिलाइड. पानाच्या कडेला लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह.

"बुडबुडे आले होते का नव्हते?"

"आले होते."

"मग खोडलेस का?"

तिने जे सांगितलं ते असं. पदार्थ गरम पाण्यातून शुद्ध करून घेतला, फिल्टर पेपरवर पसरला. बाहेर धो धो पाऊस, लॅबमध्ये एप्रनसुद्धा दमट. तास संपत आला होता. तिने ओलसर पूडच कॅपिलरीत भरली आणि वितळणबिंदू काढला. ११३ला कडा भिजल्यासारख्या झाल्या आणि ११८ला सगळं पाणी. तक्त्यात ११४ला ॲसिटॅनिलाइड होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "अगं ११४ म्हणजे ॲसिटॅनिलाइडच, सगळ्यांना तेच दिलंय." ॲसिटॅनिलाइड न्यूट्रल असतं, त्यात नायट्रोजन असतो. म्हणून तिने बुडबुडे खोडले आणि लासेनची टेस्ट न करताच नायट्रोजन लिहून टाकला.

पदार्थ बेंझोइक ॲसिड होता. त्याचा वितळणबिंदू १२२. ओल किंवा मळ राहिला की वितळणबिंदू खाली येतो आणि पसरतोही. पाच अंशांत पसरलेलं वितळणं स्वतःच ओरडून सांगत असतं की मला अजून सुकवा. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला आम्ल लागतं आणि तिच्यासमोर टेस्ट ट्यूब फेसाळत होती. तिने डोळ्यांना दिसलेलं खोडलं आणि तक्त्यातला आकडा ठेवला.

मी तिला रागावलो नाही. आमच्याकडे पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं हे करतात आणि त्याची फाइल होते. पण त्या पानाने माझा शोध वळवला. ही मुलगी आळशी नव्हती आणि मठ्ठ तर मुळीच नव्हती. तिला एक सवय होती, जुळलं की झालं. हा पदार्थ असं का वागतोय हा प्रश्न तिला पडतच नव्हता. बारावीच्या तयारीत तो पडून चाललंही नसतं, तिथे वेळेला किंमत होती.

बाण

आता उत्तरपत्रिका पुन्हा उघडली. या वेळी गुण न बघता आकृत्या बघितल्या.

चौथ्या पानावर प्रश्न होता, कार्बोकॅटायनच्या, म्हणजे धन भार आलेल्या कार्बनच्या, स्थैर्याचा क्रम लिहा. तिने बरोबर लिहिला होता, टर्शरी, सेकंडरी, प्रायमरी, म्हणजे शेजारी तीन, दोन, एक कार्बन असलेला. कारणापुढे कोरी जागा. सहाव्या पानावर ३,३-डायमिथाइल-१-ब्युटीनवर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया मेकॅनिझमसह, म्हणजे ती पायरीपायरीने कशी घडते ते दाखवून. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (दुहेरी बंधाच्या कुठल्या टोकाला हायड्रोजन जातो त्याचा) लावून तिने ३-क्लोरो-२,२-डायमिथाइलब्युटेन लिहिलं होतं. ते तयार होतं, नाही असं नाही, पण जे मुख्यत्वे विचारलं होतं ते तिथे नव्हतंच. दुहेरी बंधाने हायड्रोजन घेतला की धन भार सेकंडरी कार्बनवर येतो. त्याच्या शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल बसलेले. त्यातला एक आपल्या बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन सरकतो, भार टर्शरी कार्बनवर जातो, आणि मग क्लोराइड तिथे बसतं. २-क्लोरो-२,३-डायमिथाइलब्युटेन. टर्शरी जास्त स्थिर हे तिने दोनच पानं आधी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. चौथ्या पानावरचं ज्ञान सहाव्या पानापर्यंत पोचलं नव्हतं.

पण खरी गोष्ट त्याहून लहान होती आणि मला ती आधी दिसलीच नाही. मी म्हटलं, "बोलू नकोस. नुसतं काढ." तिने दुहेरी बंध काढला, शेजारी एच प्लस काढला आणि एच प्लसपासून दुहेरी बंधाकडे एक डौलदार वाकडा बाण काढला.

उलटा.

उत्तरपत्रिकेत पाहिलं. सगळे बाण तसेच. नोट्समध्ये मॅडमनी फळ्यावर काढलेले बाण तिने मोबाइलने टिपले होते, ते सरळ होते. दुहेरी बंधातून निघून हायड्रोजनपाशी संपणारे. ती रोज सरळ बाण बघत होती आणि हाताने उलटे काढत होती.

"हा बाण काय सांगतो?"

"एच प्लस कुठे जातो ते."

"तो का जातो?"

"इलेक्ट्रोफाइल आहे ना. तो अटॅक करतो."

इथे मी गप्प झालो, कारण मी स्वतः तीस वर्षं हेच वाक्य बोलत आलोय. इलेक्ट्रोफाइल दुहेरी बंधावर अटॅक करतो. सर बोलतात, मॅडम बोलतात, गाइडमध्ये लिहिलेलं असतं. आणि हल्ला करणारा चाल करून येतो, म्हणजे बाण त्याच्यापासून निघणार हे कोणाही सरळ डोक्याच्या माणसाला वाटेल. मुलीने ऐकलेल्या वाक्यावर विश्वास ठेवला होता आणि तर्काने वागली होती. पण केमिस्ट्रीतला वाकडा बाण अणू कुठे जातो हे दाखवतच नाही. तो इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली तेवढंच दाखवतो. एच प्लसकडे एकही इलेक्ट्रॉन नाही. त्याच्यापासून बाण निघणार कसा?

आजीची म्हण तोंडात आली. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ती थांबली. मग तिने पहिला बाण खोडला, दुहेरी बंधावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आड हा आहे." ऑरगॅनिकबद्दलचं स्वतःचं असं वाक्य मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

एकदा हे कळल्यावर उत्तरपत्रिकेतली जवळजवळ प्रत्येक चूक त्याच धाग्यात ओवता आली. बाण म्हणजे अणूचा प्रवास असं धरलं तर मिथाइल का सरकतो हे कळायचं कारणच उरत नाही. सरकतो म्हणून सरकतो, पाठ केलं असेल तर लिहा, नसेल तर सोडा. स्थैर्याचा क्रम हे एक वेगळं पाठांतर, मार्कोव्हनिकोव्ह हे दुसरं, पेरॉक्साइडचा परिणाम हा तिसरा आणि तोही 'अपवाद' म्हणून. प्रत्येक क्रिया सुटी. सुट्या गोष्टी दोनशे झाल्या की बारावीचं डोकंही हात टेकतं.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः कॉलेजात मॅडमना भेटून आली. मॅडम म्हणाल्या, बाण उलटा दिसला की मी लाल खूण करते, पण उलटा का काढलास हे एवढ्या मोठ्या वर्गात प्रत्येकाला विचारू कधी? मला ते पटलं. लाल खूण तर मलाही दिसली होती. अर्थ कळायला पाचवा रविवार उजाडला.

लोकलमध्ये वाचता येतं, काढता येत नाही

एक कोडं राहिलं होतं. वर्षभर सरळ बाण बघूनही हात उलटा का चालावा? उत्तर तिच्या नोट्समध्ये नव्हतं, नोट्स कुठे वाचल्या त्यात होतं.

भांडुपहून सकाळची स्लो पकडायची. कांजूर, विक्रोळी, घाटकोपरपर्यंत लेडीज डब्यात श्वास घ्यायला जागा राहत नाही. एक हात कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर फळ्याचे फोटो. परत येताना तेच. घरी पोचेपर्यंत सात वाजलेले, धाकटा भाऊ टीव्हीपुढे, जेवून झोप. तिचा अभ्यास खरोखर रोज दीड तास होत होता आणि तो सगळा उभ्याने, डोळ्यांनी होत होता. बॉटनी तसं होतं. झूऑलॉजीच्या आकृत्यासुद्धा परीक्षेआधी चार दिवस बसून काढल्या की जमतात. मेकॅनिझम नाही होत. फोटोतला बाण डोळ्यांना ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं हे येण्यासारखंच वाटतं. त्यात फसगत आहे. सायकल चालवणाऱ्याकडे वर्षभर बघितलं म्हणून कोणी सायकल शिकत नाही.

वर्षभरात तिने कोऱ्या कागदावर, समोर काही न ठेवता, एखादी पूर्ण मेकॅनिझम किती वेळा काढली असेल? तिने खूप विचार करून सांगितलं, "परीक्षेत काढली."

जून ते ऑक्टोबर

आम्ही जे केलं त्यात विशेष काही नव्हतं. ट्रेनमध्ये ऑरगॅनिक बंद. ट्रेनमध्ये बॉटनी वाच, गाणी ऐक, झोप. घरी वीस मिनिटं, भाऊजींच्या ऑफिसातून आलेले एका बाजूने कोरे कागद, आणि एकच क्रिया. बघून नाही. अडलं की नोट्स उघडायच्या, बघायचं, मिटायच्या, पुन्हा पहिल्यापासून काढायचं. काढताना मराठीत मोठ्याने बोलायचं, कोणाकडे आहे, कोणाला हवंय, दिल्यावर कोण उघडं पडलं. ताईला वाटायचं पोरीला भुताने धरलंय. 'अटॅक' हा शब्द घरात वर्ज्य. परीक्षेची इंग्रजी वाक्यं शेवटच्या महिन्यात बसवली आणि तो भाग सगळ्यांत सोपा गेला. शब्द तिला आधीपासूनच येत होते.

जुलैत एक नवीनच रोग निघाला. बाण आता देणाऱ्यापासून निघत होते, पण जिथे उतरायचे तिथला कार्बन आधीच भरलेला. तिच्या कागदांवर पाच हातांचे कार्बन दिसू लागले. कोणीतरी येतंय पण कोणी उठत नाही. मी म्हटलं, लोकलच्या बाकावर तिघांच्या जागेत चौथी सरकून बसते, इथे तसं चालत नाही. कार्बनच्या बाकावर चारच, पाचवी आली की कोणीतरी उतरलंच पाहिजे. दुसरा बाण त्या उतरणाऱ्याचा. हायड्रोजन क्लोराइडमधला हायड्रोजन जोडी घेतो तेव्हा त्याने क्लोरीनशी धरलेली जुनी जोडी सोडलेली असते, तो बाण ती कायम विसरायची. "चौथ्या सीटवाली बाई तर कधीच उठत नाही," हे तिचं प्रत्युत्तर होतं. पण त्यानंतर पाच हातांचे कार्बन कमी झाले.

मार्कोव्हनिकोव्हवर एक पूर्ण रविवार गेला आणि तो मला सगळ्यांत आवडला. 'ज्याच्याकडे हायड्रोजन जास्त, त्यालाच आणखी मिळतो, श्रीमंताला आणखी श्रीमंत' असं तिने क्लासमध्ये पाठ केलं होतं. मी सांगितलं की हा नियम १८७० च्या सुमाराचा आहे आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये.

"मग त्याला कसं कळलं?"

"त्याला कारण नाही कळलं. काय तयार होतं ते बघून त्याने नियम मांडला. वाकडे बाण आजच्या अर्थाने कागदावर आले ते १९२२ मध्ये, रॉबिन्सन आणि केरमॅकच्या लेखात."

ती हसली. "म्हणजे मी १८७० मध्येच राहिलेय."

त्या दुपारी तिने नियम बाजूला ठेवला आणि प्रोपीनच्या दोन्ही टोकांना आलटून पालटून हायड्रोजन जोडून बघितला. एकीकडे धन भार सेकंडरी कार्बनवर येतो, दुसरीकडे प्रायमरीवर. कुठली वाट सोपी हे चौथ्या पानावरच्या क्रमातून आपोआप निघालं. नियम तिने स्वतःच काढला, दीडशे वर्षं उशिरा का होईना. मग पेरॉक्साइड. पूर्वी हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत एकाच प्रयोगाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी उत्तरं यायची. १९३३ मध्ये खराश आणि मेयो यांनी दाखवलं की हवेत राहिलेल्या द्रवात तयार झालेले पेरॉक्साइड हे त्याचं कारण. तिथे वाटच वेगळी. आधी ब्रोमीनचा मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू, जोडला जातो, हायड्रोजन नंतर. स्थिर जागा शोधण्याचं तत्त्व तेच, पहिला पाहुणा बदलला म्हणून उत्तर उलटं. जुनी बाटली, हवेचा संपर्क, जुळत नसलेले रिपोर्ट. क्यूसीतल्या माणसाला ही गोष्ट सांगताना जो आनंद होतो तो बाकीच्यांना कळणार नाही. भाचीने जांभई दिली, पण 'अपवाद' हा शब्द वहीतून काढून टाकला.

स्टिरिओकेमिस्ट्रीत, म्हणजे रेणूतले गट अवकाशात कसे बसतात त्यात, मला फारसं यश आलं नाही. भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घेऊन मॉडेल बनवली. डावं-उजवं तिला पटकन दिसायचं, पण गटांचा अग्रक्रम लावताना गाडी घसरायची. ऑक्सिजन एकदा की दोनदा मोजायचा यावरून आमची भांडणं झाली. त्यातला एक प्रसंग मात्र लक्षात राहिला. मी ताईला बाळंतशेपा आणि पुदिना मागितला. दोन्हींत कारव्होन नावाचा रेणू असतो. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. ताईने दोन्ही चुरगळून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एकच आहे म्हणतोस? नाक तपासून घे." भाची म्हणाली, "आई, नाकपण डावं-उजवं ओळखतं, म्हणून तर वेगळं लागतंय." हे तिला मी सांगितलं नव्हतं. नाकातले वास टिपणारे रेणू स्वतःच एका हाताचे असतात. डावा पाय उजव्या चपलेत जात नाही, तसं. त्यानंतर ताईने 'सोडून दे' म्हणणं बंद केलं. माझ्या शिकवण्यामुळे नव्हे, असा माझा अंदाज आहे. मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःहून काहीतरी सांगत होती, हे तिने बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

ऑगस्टमध्ये गणपतीचे दहा दिवस काहीच झालं नाही. सप्टेंबरात तिला ताप आला, एक आठवडा गेला. वीस मिनिटांची शिस्त दोनदा पूर्ण मोडली. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा हकिगती लिहिताना माणूस नकळत इस्त्री फिरवतो.

केटीचा पेपर

केटीचा पेपर ऑक्टोबरात झाला. ७५ पैकी ४३. ऑरगॅनिकचे १५. तिला आणखी आशा होती आणि ती दोन दिवस हिरमुसली होती. मी म्हटलं झेरॉक्स मागव. मलाच ती बघायची होती.

बाण सगळे सरळ होते. या वेळी ३-मिथाइल-१-ब्युटीन विचारलं होतं, म्हणजे मिथाइलऐवजी हायड्राइड, जोडीसकट हायड्रोजन, सरकणार. हे आम्ही कधी केलेलं नव्हतं. तिने ते बरोबर काढलं होतं, सरकण्याआधीचा पदार्थही लिहिला होता आणि दोन्ही मिळतात असं एका ओळीत म्हटलं होतं. गुण गेले होते ते नावं देण्यात आणि अग्रक्रम लावण्यात. एका ठिकाणी साखळी सगळ्यांत लांब कुठली हेच चुकलं होतं. ती चूक दहावीच्या 'कार्बनी संयुगे'मधली. तिथे वाकडा बाण काही करू शकत नाही, तिथे पुन्हा बसावंच लागेल. आम्ही अजून बसलेलो नाही.

केमिस्ट्री तिने ठेवली. आयसीटीचं पुढचं पुढे.

डिसेंबरात, मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये असताना, तिचा मेसेज आला. एस.वाय.चं प्रॅक्टिकल, पुन्हा अनोळखी पदार्थ, पुन्हा पांढरा.

"मामा, मेल्टिंग पॉइंट ११४."

माझ्या घशात पोहे अडकले. लिहिलं, "सुकवलं होतंस का नीट?"

"दोनदा. ११३ ते ११४, पसरत नाहीये. आणि बायकार्बोनेट आधीच टाकून बघितलं. एकसुद्धा बुडबुडा नाही."

"लासेन?"

पाच मिनिटं काही नाही. मग टेस्ट ट्यूबचा एक हललेला फोटो आला, मागे कोणाचं तरी एप्रन, आणि ट्यूबमध्ये गडद निळा रंग.

"ॲसिटॅनिलाइडच आहे. या वेळी खरंच आहे. शेजारची बेंझोइक म्हणतेय."